पाचवा बोल्ट का सुटेना?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकापाशी क्षणभर उकिडवे बसून पाहा. चाकाच्या मध्याला जोडलेली, न्याहारीच्या ताटलीएवढी एक चकचकीत पोलादी तबकडी तुम्हांला दिसेल. तिला पुष्कळ भोके पाडलेली असतात. हीच ती ‘डिस्क’. हँडलवरचा लिव्हर दाबला की कॅलिपर नावाच्या चिमट्यातील दोन पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळतात. सायकलीचे रबरी गट्टू चाकाची रिम आवळतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे आवळण्याचे काम नळीतील द्रव पदार्थाच्या दाबाने होते.

कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली मोटारीसाठी अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलीवर मात्र तो दिसायला १९६९ साल उजाडावे लागले. ती गाडी होती जपानची होंडा सीबी ७५०. आपल्याकडे १९९९ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीबीझेडवर हा ब्रेक मिळू लागला आणि आता तर सव्वाशे सी. सी. च्या गाड्यांवरही तो सर्रास आढळतो.

ही तबकडी घरच्या घरी चाकावरून कशी काढावी, हा या लेखाचा विषय. चार-पाच बोल्ट सोडवायचे, त्यात भौतिकशास्त्र ते काय, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले होते. वीस वर्षे मळसूत्र आणि उतरण फळ्यावर शिकवलेल्या मला एका बोल्टने दीड दिवस अंगणात बसवून ठेवले, तेव्हा तो समज गेला.

माझा भाचा वाईला राहतो आणि नोकरीसाठी रोज पसरणी घाटाने पाचगणीला जा-ये करतो. बहुतेक वेळा मागे एक सहकारी बसलेला असतो. एका रविवारी आला तो तक्रार घेऊनच. “मामा, ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना हिसके देतो. आणि घाट उतरल्यावर पुढच्या चाकातून जळका वास येतो. जरा बघता का?”

आधी मोजमाप. प्रत्येक तबकडीवर तिची कमीत कमी चालणारी जाडी कोरलेली असते. या तबकडीवर ३.५ मि. मी. असे होते. भाच्याने व्हर्निअर कॅलिपर लावला. ४.० मि. मी. भरले. तो खूष झाला. मी त्याला थांबवले आणि तबकडीच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवायला सांगितले. नख अडखळले. पॅड तबकडीच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून कडेची बारीक पट्टी झिजत नाही आणि आतला भाग मात्र खोलगट होत जातो. व्हर्निअरचे सरळ जबडे त्या दोन उंच कडांवर टेकले होते! प्रयोगशाळेतला मायक्रोमीटर आणून आतल्या भागावर लावला, तेव्हा एके ठिकाणी ३.४ आणि दुसऱ्या ठिकाणी ३.५ मि. मी. भरले. लिव्हर हिसके का देत होता तेही त्यातच कळले. जाडी सारखी नसल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पॅड थोडे मागे-पुढे ढकलले जात होते.

एक दशांश मिलिमीटराने काय बिघडते? त्यासाठी ब्रेक दाबल्यावर काय होते त्याचा हिशेब करू. गाडी, चालक आणि मागे बसलेला मिळून वस्तुमान २७० कि. ग्रॅ. धरा. ताशी ६० कि. मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गतिज ऊर्जा ½mv² या सूत्राने सुमारे ३७,५०० ज्यूल येते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा जाते कुठे? बहुतेक सगळी उष्णता होऊन तबकड्यांत. पाव लिटर पाणी या उष्णतेने ३६ अंशांनी तापेल. त्यातील सत्तर टक्के वाटा पुढच्या ब्रेकचा धरला आणि तबकडीचे वस्तुमान एक किलोग्रॅम मानले, तर एकदा थांबताना तिचे तापमान सुमारे ५५ अंशांनी वाढते.

आता घाट घ्या. पाचगणी ते वाई उतार उंचीत साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. mgh काढून पाहा. साडेचौदा लाख ज्यूल येतात. ताशी साठच्या वेगावरून जवळजवळ चाळीस वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. यातील बराच भाग हवेचा विरोध आणि इंजिन पेलतात, म्हणून तर घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा असे सांगतात. उरलेला भाग त्या तबकडीवर पडतो. तबकडी जितकी पातळ, तितकी तिची उष्णता सामावण्याची शक्ती कमी, आणि तितकी ती वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका जास्त. भाच्याचा आणि त्याच्या मित्राचा जीव रोज संध्याकाळी तिच्यावर विसंबून होता. नवी तबकडी आणायची हे ठरले.

चाक काढणे सोपे असते. गाडी मधल्या स्टँडवर किंवा भक्कम टेकूवर घ्यायची, पुढचे चाक जमिनीवरून उचलले गेले पाहिजे, कॅलिपरचे दोन बोल्ट सोडून तो दोरीने बांधून ठेवायचा (रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही), आणि आस काढून घ्यायचा. गाडीला ए. बी. एस. असेल तर चाकाजवळचा संवेदक आणि त्याचे दातेरी कडे यांना धक्का लागू द्यायचा नाही. दोन्ही पॅडच्या मध्ये लाकडाची एक चिपटी सरकवून ठेवा आणि घरातल्या लहान मुलांना लिव्हरपासून दूर ठेवा. मध्ये तबकडी नसताना कुणी लिव्हर दाबला, तर दट्ट्ये बाहेर येतात आणि काम चौपट वाढते. ब्रेकची काळी धूळ फुंकरीने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. आजच्या पॅडची धूळही पोटात घेण्याजोगी नाहीच.

चाक दोन फळ्यांवर आडवे ठेवले. तबकडी वर, भार टायरवर. पाच एलन बोल्ट समोर दिसत होते. आणि येथे मी चूक केली. खिशात होती ती जुनी, कोपरे झिजलेली एलन की पहिल्या बोल्टमध्ये घातली आणि जोर लावला. ‘कट्’ असा आवाज झाला. बोल्ट सुटला असे वाटले. सुटला नव्हता. बोल्टच्या डोक्यातील षट्कोन घासून गोल झाला होता.

आता विचार करू, की हा बोल्ट इतका घट्ट का बसतो.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेषा मळसूत्रासारखी वर चढत जाईल. मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली उतरण, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. तबकडीचे बोल्ट बहुधा ८ मि. मी. व्यासाचे असतात. त्यांच्या आट्यावरून एक फेरा म्हणजे सुमारे २२.६ मि. मी. ची वाट, आणि तेवढ्या वाटेत चढ फक्त १.२५ मि. मी. हा कोन तीन अंशांहून जरासाच जास्त आहे. घाटातल्या गाडीरस्त्याचा चढही साधारण असाच असतो. एखाद्या फळीवर वही ठेवून फळी तीन अंश कलती करा. वही हलणारसुद्धा नाही. पोलादी आट्यांतील घर्षण इतके असते, की घसरण सुरू व्हायला साधारण आठ-नऊ अंशांचा उतार लागेल. म्हणून घट्ट केलेला बोल्ट आपोआप मागे फिरत नाही.

घट्ट करताना आपण जे परिबल (कारागीर त्याला टॉर्क म्हणतात) लावतो, त्याचे शंभर भाग कल्पा. सुमारे पन्नास भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतात, चाळीस भाग आट्यांतील घर्षणात, आणि उरलेले जेमतेम दहा भाग बोल्टला ताणण्याच्या कामी येतात. होय, बोल्ट ताणला जातो. तो एक अतिशय ताठ स्प्रिंगच आहे. पंचवीस न्यूटन-मीटर परिबलाने ८ मि. मी. चा बोल्ट सुमारे १५,६०० न्यूटन ओढ धरतो. म्हणजे पाच बोल्ट मिळून तबकडीला जवळजवळ आठ टनांच्या वजनाइतक्या बलाने चाकावर दाबून धरतात! एवढे करून प्रत्येक बोल्ट लांबतो तो मात्र मिलिमीटराच्या एक-दोन शतांशांनी.

हे आखूड लांबणेच धोक्याचे आहे. लांब स्प्रिंग थोडी ढिली झाली तरी तिची ओढ टिकते, आखूड ताठ स्प्रिंगची ओढ मात्र जराशा झिजेने नाहीशी होते. शिवाय हादरे आहेतच. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की बोल्टला आडवे हादरे बसू लागले की घर्षणाची पकड क्षणोक्षणी सुटते आणि बोल्ट त्या तीन अंशांच्या उतारावरून हळूहळू खाली येऊ लागतो. धावत्या चाकात असे व्हावे आणि तबकडी सुटावी, हे परवडणारे नाही. म्हणून कारखान्यात बोल्टच्या आट्यांना एक खास चिकट द्रव लावतात.

हा द्रव मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ च्या सुमारास तो उपयोगात आणला. आपला नेहमीचा डिंक हवेने वाळतो. हा त्याच्या उलट. हवेतील ऑक्सिजन मिळतो तोवर तो पातळच राहतो. आट्यांच्या फटीत हवा नसते आणि धातूचा स्पर्श मात्र असतो. तेथे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन टणक प्लॅस्टिक तयार होते. याच्या बाटल्या पूर्ण भरत नाहीत. वरची मोकळी जागा पाहून ग्राहक कुरकुरतात, पण ती हवा काढून घेतली तर द्रव बाटलीतच गोठायचा.

म्हणजे माझा बोल्ट तीन गोष्टींनी धरला होता: डोक्याखालचे घर्षण, आट्यांतील घर्षण आणि हा गोंद. चौथी गोष्टही होती. बोल्ट पोलादाचा, चाकाचा मध्यभाग ॲल्युमिनियमचा, आणि पसरणीचा पाऊस. दोन धातू आणि पाणी म्हणजे लहानसा विद्युत्‌घटच. त्यातून तयार झालेला पांढरा गंज आट्यांत बसला होता. गोंद आणि गंज नसते तर सोडवताना घट्ट करण्यापेक्षा कमीच जोर लागला असता, कारण ताण आपल्याच बाजूने ढकलत असतो.

एलन कीच्या झिजेचे गणितही करून पाहा. पाच मि. मी. ची की, टोकाचे कोपरे मध्यापासून २.९ मि. मी. वर. तीस न्यूटन-मीटर लावले तर सहा कोपऱ्यांवर मिळून दहा हजार न्यूटनांहून अधिक बल येते, म्हणजे एकेका कोपऱ्यावर सुमारे १,७०० न्यूटन. कोपरा धारदार असेल तर तो पेलतो. गोलावलेला कोपरा पाचरीसारखा सरकतो आणि बोल्टचे पोलाद खरवडून नेतो.

आता शहाणपण आले. बिघडलेला बोल्ट तसाच ठेवून उरलेल्या चौघांकडे वळलो. बाजारातून नवी, कोऱ्या कोपऱ्यांची एलन गोटी आणली आणि गरम हवा फेकणारी विजेची गन शेजाऱ्याकडून मागून घेतली. गोंदाचे हे प्लॅस्टिक तापले की मऊ पडते. साध्या प्रकारच्या गोंदाला त्याहून कमी उष्णता पुरते, पण पक्क्या प्रकारच्या गोंदाला अडीचशे अंशांपर्यंत तापवावे लागते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून भोक बोल्टपेक्षा अधिक मोठे होते असेही सांगतात. ते खरे आहे, पण किती? शंभर अंश तापवल्यावर ८ मि. मी. व्यासात फरक पडतो सुमारे नऊ सहस्रांश मिलिमीटराचा. माझ्या मते खरे काम गोंद मऊ पडल्याने होते, प्रसरण हातभार लावते इतकेच. बोल्टचे डोके आणि भोवतीची जागा दोन-तीन मिनिटे तापवा. टायर, बेअरिंगचे रबरी सील आणि ग्रीस यांच्यावर झोत येऊ देऊ नका, ज्योत तर वापरूच नका, आणि काम उघड्यावर करा, कारण तापलेल्या गोंदाची वाफ घशाला झोंबते. पेट्रोलने भिजलेले फडके जवळपास नको हे सांगायला नकोच.

तापवल्यावर जोर कसा लावायचा? येथे इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचे साधे हत्यार कामी येते. त्याच्या शेंड्यावर हातोडी मारली की आतल्या तिरक्या खाचांमुळे तो त्याच क्षणी थोडा फिरतो. समजा, अर्धा किलोग्रॅमची हातोडी सेकंदाला पाच मीटर वेगाने आली. तिचा संवेग अडीच एकके. ती एक सहस्रांश सेकंदात थांबली तर सरासरी बल २,५०० न्यूटन! हाताने एवढे बल लावणे शक्य नाही. शिवाय ते बल गोटीला खाचेत खाली दाबूनही धरते, त्यामुळे ती निसटत नाही. रस्त्यावरचा मिस्त्री बोल्टच्या कडेला छिन्नी लावून हातोडी मारतो, तेव्हा त्याला आपण अडाणी म्हणतो. तोही हेच करत असतो. हत्यार ओबडधोबड आहे, तत्त्व चुकीचे नाही.

दोन घाव, आणि मग लांब दांड्याने सावकाश पीळ. चारही बोल्ट करकरत सुटले.

राहिला पाचवा, माझ्या उतावळेपणाचा. षट्कोन गेल्यामुळे गोटी धरेना. त्यात किंचित मोठी तारांकित गोटी ठोकून पाहिली, तीही फिरली. संध्याकाळ झाली. भाचा म्हणाला, “मामा, वेल्डिंगवाल्याकडे नेऊ का?” मी रात्री जेवताना त्या शंभर भागांचा विचार करीत होतो. पन्नास भाग डोक्याखाली. मग डोकेच नसले तर?

सकाळी ड्रिल मशीन घेतले. तबकडी तशीही टाकूनच द्यायची होती, त्यामुळे तिला ओरखडा पडण्याची भीती नव्हती. षट्कोनी खाच ड्रिलला आपोआप मध्यावर ठेवते. आधी बारीक, मग बोल्टच्या दांड्याएवढे ८ मि. मी. चे पाते, कमी वेग, मधूनमधून तेलाचे थेंब, डोळ्यांवर चष्मा. भोक डोक्याच्या जाडीइतके खोल गेले, आणि डोके अंगठीसारखे सुटून पात्याबरोबर गरगरू लागले. तबकडी उचलून घेतली. चाकात बोल्टचा बुडखा उरला होता, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही.

त्याला गरम हवा दिली, पकडीत धरला आणि फिरवला. काय व्हावे? फारसा जोर न लावता तो बाहेर आला. डोक्याखालचे घर्षण गेले होते. ताणच संपल्यामुळे आट्यांवरचा दाब गेला, म्हणून तेथले घर्षणही गेले. गोंद उष्णतेने मऊ पडला होता. बुडख्याला धरून ठेवायला कुणी उरलेच नव्हते. भाचा पकडीतल्या त्या तुकड्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. मीही चकित झालो होतो, पण मामाने तसे दाखवायचे नसते.

बसवण्याचे काम काढण्याइतकेच जपून करायचे. चाकावरची बसकण पितळी ब्रशने स्वच्छ करा. तेथे गंजाचा एक कण राहिला तरी तबकडी तिरकी बसते आणि लिव्हर पुन्हा हिसके देऊ लागतो. नव्या तबकडीवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा आणि नंतर तिला बोटे लावू नका. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पाहा. बोल्ट नवेच घ्या. आट्यांवर गोंदाचा एक थेंब पुरे. सगळे बोल्ट आधी हाताने आणि मग एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीत, दोन-तीन टप्प्यांत आवळा, म्हणजे तबकडी सगळीकडे सारखी बसेल. शेवटचे परिबल गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते टॉर्क रेंचनेच द्या. अंदाजाने जास्त पिळले तर पोलादी बोल्टला काही होत नाही, चाकातले ॲल्युमिनियमचे आटे मात्र उखडतात. जुने पॅड जुन्या तबकडीच्या खोलगटीनुसार झिजलेले असतात. आम्ही तेही बदलले.

तुमच्यापैकी कुणाला हे काम करून पाहावेसे वाटले, तर जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा. आणि चाक बसवून झाल्यावरची एक गोष्ट मुळीच विसरू नका. नवे जाड पॅड आणि नवी जाड तबकडी बसवण्यासाठी कॅलिपरचे दट्ट्ये मागे ढकललेले असतात. त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर दाबाल तेव्हा तो पोकळ लागेल आणि थेट हँडलला जाऊन टेकेल. ब्रेक अजिबात लागणार नाही. गाडी जागेवर असतानाच लिव्हर पुन्हा पुन्हा दाबावा लागतो, तेव्हा कुठे पॅड तबकडीपर्यंत येतात. भाच्याने पाच-सहा वेळा दाबल्यावर तो घट्ट झाला. मग त्याने गाडी अंगणातच ढकलत फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली. पहिले दीडदोनशे किलोमीटर ब्रेक हलक्या हाताने लावायचा, असे मी त्याला बजावले. नवे पॅड आणि नवी तबकडी एकमेकांना घासून जुळल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. तो म्हणाला, “मग हा आठवडा एस. टी. नेच जातो घाटातून.” आणि खरोखरच गेला. गाडी त्याने तेवढे दिवस वाईतल्या सपाट रस्त्यांवरच चालवली.